चौदाची चाकं पंधराची झाली

आमची स्विफ्ट 2018 ची, व्हीएक्सआय. तिला कंपनीकडून 165/80 आर 14 चे, म्हणजे चौदा इंची रिमचे टायर आले होते, आत स्टीलची डिस्क आणि वर प्लास्टिकची व्हीलकॅप. नणंदेची गाडी त्याच सुमाराची, पण झेडएक्सआय, म्हणजे वरचं मॉडेल. तिला 185/65 आर 15 आणि अलॉय, म्हणजे मिश्रधातूच्या रिमा. इंजिन तेच, बाकी यंत्रही तेच. माझं माहेर चिपळूणचं, त्यामुळे कराडहून कुंभार्ली घाट वरचेवर उतरावा लागतो, आणि दोन्ही गाड्या मी त्याच घाटात चालवल्या आहेत. माझ्या गाडीचं स्टीअरिंग वळणावर फिरवलं की आधी टायर मुरडायचा आणि मग गाडी वळायची. तो क्षणभराचा उशीर नणंदेच्या गाडीत जाणवायचा नाही.

टायरच्या खाचांमध्ये तळाशी एक आडवी पट्टी असते, 1.6 मिलिमीटर उंचीची. रबर झिजून त्या पट्टीला टेकलं की टायर संपला. माझे पुढचे दोन टेकले होते, मागचे टेकायच्या बेतात. चारही बदलायचेच होते, तर मापाचाही विचार करून टाकू म्हटलं.

टायरच्या दुकानात गेल्याबरोबर ऐकायला मिळालं, "वहिनी, सोळा टाका. गाडी कशी भरलेली दिसंल बघा." माझे दीर सोबत होते, त्यांना तर हे आधीच हवं होतं. त्यांच्या स्वतःच्या गाडीला सोळाची चाकं आहेत, त्यामुळे पंधरा म्हणजे त्यांना अर्धवट काम वाटतं. दुकानदाराने 205/55 आर 16 काढून दाखवला. "पण बसेल का हा?" विचारलं, तर म्हणाला, "बसतंय की! न बसायला काय झालं?"

बसतंय हे खरं होतं. जॅकवर चढवलेल्या गाडीला बरंच काही बसतं. खाली उतरवून, मागे तीन माणसं बसवून, स्टीअरिंग शेवटपर्यंत वळवून खड्ड्यात घातली की मग कळतं.

मी त्यांच्याच बिलबुकाच्या पाठीवर हिशेब मांडला. टायरवरचे आकडे सोपे असतात. 165 ही रुंदी मिलिमीटरमध्ये. 80 म्हणजे साइडवॉलची, टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची रुंदीच्या 80 टक्के, म्हणजे 132. ती वर एकदा, खाली एकदा, म्हणून 264. मधली रिम 14 इंच, म्हणजे 355.6. बेरीज 619.6 मिलिमीटर. हा झाला चाकाचा पूर्ण व्यास. मग 185/65 आर 15 चा काढला: 621.5. फरक दोन मिलिमीटरसुद्धा नाही. कंपनीने दोन्ही मापं एकाच गाडीला का दिली ते इथे कळतं. चाक बाहेरून तेवढंच राहतं, आतली रिम मोठी होते आणि रबराची उंची कमी होते.

दुकानदाराचा 205/55 आर 16 मात्र 631.9 ला गेला, म्हणजे मूळ चाकापेक्षा दोन टक्के मोठा. स्पीडोमीटर चाकाच्या फेऱ्या मोजतो, त्याला चाक मोठं झाल्याचं कळत नाही. त्यामुळे आधी जिथे 100 दाखवायचा तिथे आता गाडी 102 ने पळणार. एवढ्याने काही बिघडत नाही, कारण कंपनी मुळातच काटा थोडा वरचा दाखवेल असा ठेवते. माझी शंका वेगळी होती. तो टायर रुंदीला 40 मिलिमीटर जास्त आणि उंचीलाही जास्त, मग मडगार्डच्या आत तो फिरणार कुठे? सोळातच 195/55 घेतला तर व्यास 620.9 येतो, म्हणजे हिशेबात चोख बसतो. दिरांनी तेवढ्यावर बोट ठेवलं. मी त्यांना साइडवॉलची उंची दाखवली: चौदाला 132, पंधराला 120, सोळाला 107. खड्ड्याची धार आणि रिमची कड यांच्यामध्ये तेवढंच रबर आणि हवा असते. महामार्गाचं काम चालू असताना एका रात्री दिरांच्या दोन टायरना एकाच खड्ड्यात फुगे आले होते. साइडवॉलमधले धागे तुटले की तिथे हवा रबराला बाहेर ढकलते आणि टेंगूळ येतं. त्याला पंक्चरसारखा इलाज नाही, टायर फेकायचाच. हे मी बोलून दाखवलं नाही, त्यांनाच आठवलं असावं. पुढे सोळाचा विषय निघाला नाही.

एक स्वस्तातला मार्गही होता. डिस्क तीच ठेवून 185/70 आर 14 टाकायचा. व्यास 614.6, एक टक्क्याच्या आत. माझी पाच इंच रुंदीची डिस्क त्या टायरला चालते, आणि जुन्या, पहिल्या पिढीच्या स्विफ्टच्या झेडएक्सआयला हेच माप यायचं. पैसे वाचवायचे असतील तर मी आजही कुणाला हेच सांगेन. फक्त साइडवॉल जवळपास तेवढीच उंच राहते (129.5), त्यामुळे पकड वाढली तरी ते मुरडणं पूर्ण जात नाही. आणि मला मुरडणंच घालवायचं होतं.

म्हणून पंधरा. टायर ठरला, पण खरी डोकेफोड पुढे रिमची होती, आणि दुकानात त्याबद्दल कुणी आपणहून बोलत नाही. तिथे अलॉय डिझाइनवर विकतात. भिंतीवर पन्नासएक टांगलेले, त्यातला आवडेल तो काढायचा.

स्विफ्टला चार नट, त्यांच्या वर्तुळाचा व्यास 100 मिलिमीटर. याला पीसीडी म्हणतात आणि एवढं दुकानदार नक्की बघतो, कारण ते चुकलं तर चाक चढतच नाही. उरलेल्या तीन गोष्टी चुकल्या तरी चाक चढतं: रिमची रुंदी, ऑफसेट आणि मधलं भोक.

ऑफसेट म्हणजे रिमचा जो भाग गाडीच्या हबला (ज्यावर चाक बसवतात त्या फिरणाऱ्या भागाला) टेकतो तो रिमच्या मध्यापासून किती बाहेरच्या बाजूला आहे. रिमवर 'ईटी' असं लिहून पुढे आकडा असतो. माझ्या मूळ डिस्कचा पट्टी लावून मोजला तर 40 च्या आसपास भरला. मला दाखवलेल्या अलॉयवर, आत मागच्या बाजूला, 7 जे आणि ईटी 35 कोरलेलं होतं. सात इंच रुंद रिमचा अर्धा भाग 88.9 मिलिमीटर, त्यातून 35 गेले, म्हणजे हबपासून बाहेर 53.9. माझ्या पाच इंची डिस्कचा हाच हिशेब 23.5 येतो. म्हणजे चाकाची कड तीस मिलिमीटर बाहेर येणार. आतल्या बाजूलाही ती वीस मिलिमीटर शॉकअपकडे सरकणार. दुकानदार म्हणाला, "पाचाचा फरक हाय नुसता, 40 चं 35." ऑफसेटचा फरक पाचाचाच, पण रुंदीचे दोन इंच कुणी धरायचे?

मी म्हटलं, एक चाक चढवून दाखवा, मग घेते. त्याला ते फारसं आवडलं नाही, पण गिऱ्हाईक ओळखीचं. सॅम्पलला लावलेला एक 195/65 चा टायर होता, तोच पुढे डाव्या बाजूला चढवला. मुलाच्या शाळेच्या कपाटातून आणलेली खेळायची माती माझ्या पर्समध्ये होती. त्याचे बोराएवढे गोळे करून मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकच्या लायनरला मागच्या कोपऱ्यात, पुढे बंपरच्या टोकाशी आणि आत शॉकअपच्या खालच्या भागाला चिकटवले. गाडी खाली घेतली. दीर आणि दुकानातली दोन पोरं पुढच्या बाजूला वजन देऊन उभी राहिली. मी स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं आणि गाडी हळू पुढेमागे केली.

परत जॅक लावला. शॉकअपकडचा गोळा चेपून जेमतेम बोटाच्या पेराएवढा उरला होता. मागच्या कोपऱ्यातला गोळा तर टायरने सपाट पुसून नेला होता आणि लायनरवर काळा पट्टा उमटला होता. चाक मडगार्डच्या कडेपेक्षा डोळ्यांना दिसेल एवढं बाहेर. पावसाळ्यात ते सगळा चिखल दारांवर मारणार, हे वेगळंच. फिटर पोरगा मातीचा गोळा बोटाने उचकटत म्हणाला, "ताई, हे भारीय. आमी नुसतं बघतो घासतंय का." मला वाटतं त्यानंतर दुकानदारालाही मजा वाटायला लागली, कारण गोडाऊनमधून त्याने स्वतःच दुसरा सेट काढून आणला: 15 इंची, 6 जे, ईटी 40. याची कड बाहेर आणि आत, दोन्हीकडे सारखीच, साडेबारा मिलिमीटरच्या आसपास सरकते. त्यावर 185/65 चढवून मातीची तीच परीक्षा घेतली, गोळे जागच्या जागी राहिले.

ऑफसेट फार कमी घेतला तर घासण्यापलीकडेही त्रास असतो. चाकाचा मध्य बाहेर सरकतो, बेअरिंगवरचा भार त्याच्या जागेवरून हलतो, आणि एका चाकाखाली खड्डा आला की स्टीअरिंग हातात हिसका देतं. ईटी 15, 20 ची चाकं लावून बाहेर काढलेल्या गाड्या आमच्या भागात खूप दिसतात. चालवणाऱ्यांचे दंड तयार होत असतील.

टायरवरचा आणखी एक आकडा बघून घेतला. मूळ टायरवर 85 होतं, नव्यावर 88. हा भारांक आहे: 85 म्हणजे एक टायर 515 किलो पेलतो, 88 म्हणजे 560. माप बदलताना हा आकडा मूळ टायरपेक्षा खाली जाऊ द्यायचा नाही. तारीखही बघितली. साइडवॉलवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. रिमच्या आत जेडब्ल्यूएलचा, म्हणजे अलॉयच्या जपानी मानकाचा शिक्का होता, तो नसलेल्या रिमा निम्म्या किमतीत मिळतात आणि त्या निम्म्या किमतीच्याच असतात.

आमचं कृषी सेवा केंद्र आहे, तिथे पोती मोजायचा काटा आहे. त्यावर स्टेपनी आणि नवं चाक दोन्ही ठेवून पाहिली. स्टेपनी साडेतेरा किलोच्या आसपास, नवं चाक पंधराच्या थोडं वर. अलॉय म्हणजे हलकं, असं सगळे धरून चालतात. पण अलॉय मोठी आणि टायर रुंद घेतला की वजन वाढतं, आणि हे वजन स्प्रिंगच्या खालचं, गोल फिरणारं. गाडीला उचल घेताना आणि ब्रेक मारताना ते प्रत्येक वेळी फिरवायला आणि थांबवायला लागतं.

पैसे दिले, गाडी घेतली आणि त्याच आठवड्यात महामार्गावर साताऱ्याला निघाले. ऐंशीपर्यंत सगळं गोड. नव्वदच्या आसपास स्टीअरिंग थरथरायला लागलं, शंभरला कमी झालं. परत दुकानात. "बॅलन्सिंग करून देतो," म्हणून चारही चाकांचं पुन्हा बॅलन्सिंग केलं. मशीनवर चाकं शून्यावर, रस्त्यावर थरथर तशीच. तेव्हा मी मधल्या भोकाकडे वळले. स्विफ्टच्या हबचा उंचवटा 54.1 मिलिमीटरचा, आणि कंपनीची डिस्क त्यावर घट्ट बसते. बाजारातले अलॉय अनेक गाड्यांना चालावेत म्हणून त्यांचं भोक मोठं ठेवतात. माझ्याचं 73.1 होतं. मधली फट भरायला प्लास्टिकच्या किंवा अॅल्युमिनियमच्या रिंगा येतात. त्या रिंगा आमच्या बिलात होत्या, खोक्यातही होत्या. फिटरने चाकाला लावल्याच नव्हत्या, कारण नट आवळले की चाक बसतं, असं त्याला वाटत होतं. नट चाकाला मध्यावर आणतात हे खरं, पण आवळताना चाक लटकलेलं असेल तर ते केसभर खाली बसतं. मशीनवर चाक मधल्या भोकाला धरून फिरवतात, त्यामुळे तिथे हा दोष दिसतच नाही. रिंगा घातल्या, चाक हवेत धरून नट समोरासमोरचे टप्प्याटप्प्याने आवळले, आणि थरथर गेली. चुकीच्या जागी वजनं चिकटवत बसणारे लोक मी नंतर बरेच पाहिले.

आता घाट. कुंभार्लीत पहिल्याच वळणांना फरक कळला. स्टीअरिंग दिलं की गाडी लगेच नाक वळवते. उतरताना वळणाच्या मध्ये थोडा ब्रेक लावला तरी मागची बाजू डुलत नाही. आधी मी वळणात दोनदा स्टीअरिंग सावरायचे, एकदा वळवायला आणि एकदा टायर मुरडून झाल्यावर. आता एकदाच. हे साइडवॉल बारा मिलिमीटरने कमी होण्याचं आणि रिम एक इंच रुंद होण्याचं काम आहे, नुसत्या रुंद टायरचं नाही. रुंद रिमवर टायरच्या दोन्ही बाजू जास्त सरळ उभ्या राहतात.

पावसात मात्र हुशारी केली नाही. रुंद टायर कोरड्या रस्त्यावर चांगला धरतो, पण साचलेल्या पाण्यावर अरुंद टायर पाणी लवकर कापतो. पाण्यात टायरची खाच किती खोल आहे आणि हवा किती आहे यावरच जास्त अवलंबून असतं. नव्या टायरची खाच खोल म्हणून पहिला पावसाळा छान गेला, त्याचं श्रेय मापाला देऊ नये. हवा मी झेडएक्सआयच्या दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरते. रुंद टायर आहे म्हणून दोन पॉइंट कमी ठेवा असं सांगणारे भेटतात. खड्ड्यात रिम वाकते ती त्यांच्यामुळे.

तोटेही सांगते. गाडी उभी असताना स्टीअरिंग थोडं जड झालं आहे. गावातल्या स्पीडब्रेकरवर पूर्वी 'धप' यायचं, आता 'टक' येतं, आणि पाटणच्या पुढे रस्ता फुटलेला असतो तिथे मागे बसलेल्या सासूबाईंना ते माझ्याआधी कळतं. अवजड गाड्यांनी रस्त्यात चर पाडले असतील तिथे गाडी चराच्या बाजूला किंचित ओढते. गाडी लिटरमागे साधारण एक किलोमीटर कमी धावते. टायरची किंमत प्रत्येकी हजारभर जास्त. यातलं काहीच असह्य नाही, पण दुकानात यातलं एकही कुणी सांगितलं नव्हतं.

स्पीडोमीटरचं एक गमतीचं निघालं. जीपीएस लावून पाहिलं तर नव्या चाकांवर काटा आणि खरा वेग यांतलं अंतर जुन्यापेक्षा कमी झालं होतं. दीर म्हणाले, बघ, चाक मोठं झालं. चाक मोठं झालं होतं ते मापामुळे नव्हे. जुन्या टायरचं रबर झिजून गेलं होतं. नव्या टायरची खाच आठ मिलिमीटर धरली आणि जुन्याची दोन, तर वर-खाली मिळून बारा मिलिमीटरचा फरक, म्हणजे जवळपास दोन टक्के. चौदाचे पंधरा केल्याने पडलेल्या फरकाच्या सहापट.

कागदपत्रांचंही बोलायला हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की नोंदणीच्या कागदावर असलेल्या आणि कंपनीने मुळात ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. याच मॉडेलच्या वरच्या गाडीला कंपनीने दिलेलं माप घेण्यामागे माझं हेही एक कारण होतं. अलॉय मात्र बाहेरचे, म्हणून विम्याच्या नूतनीकरणाच्या वेळी ते लिहून कळवले आणि बिलाची प्रत जोडली. दावा करायची वेळ येईल तेव्हा 'हे काय लावलंय' हा प्रश्न सर्व्हेअरने विचारू नये एवढ्यासाठी.

उरली स्टेपनी. ती 165/80 आर 14 चीच ठेवली, पाचवा अलॉय घेतला नाही. व्यास जुळतो, त्यामुळे पंक्चरच्या दुकानापर्यंत हळू जायला अडचण नाही, पण रुंदी आणि पकड वेगळी म्हणून घाटात ती लावून वेगात जायचं नाही. एक गोष्ट शेवटी फिटर पोरानेच दाखवली. या अलॉयच्या नटांची भोकं खोल आणि अरुंद आहेत, त्यात गाडीसोबत आलेला पाना शिरत नाही. त्यासाठी बारीक डोक्याचे नट आणि त्यांचा वेगळा सॉकेट येतो. तो सॉकेट दुकानात राहिला तर पोफळीच्या उतारावर पंक्चर झाल्यावर डिकीत स्टेपनी असूनही चाक निघणार नाही. आता तो सॉकेट स्टेपनीच्या मधल्या खळग्यात कापडात गुंडाळून ठेवलेला असतो, आणि गाडी सर्व्हिसिंगला दिली की परत आल्यावर मी आधी तोच बघते.